मीटर शून्य दाखवतोय, मग उतरायचं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा एसटीत बसलं की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग लिहून देतोय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात त्याला' काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय गॅस डिटेक्टर. विषय कोरडा वाटेल, पण सुरुवात आमच्या गोठ्यापासून करतो.

मी निमोण्याचा. नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, सेफ्टी डिपार्टमेंटला. रोजचं काम म्हणजे परमिट भरणं, टाक्या तपासणं, लोकांना हेल्मेट घालायला लावणं. मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी घरी होतो. सकाळी चुलत्यांकडे गेलो, तर तात्या धोतर खोचून गोबरगॅसच्या टाकीपाशी उभे. टाकीत गाळ बसला होता, चूल नीट पेटत नव्हती. शिडी लावलेली. घमेलं तयार.

मी म्हटलं, "तात्या, काय चाललंय?"

"आरं, पाच मिनिटांचं काम हाय. झाकण काढून दोन दिस झालं. आता तर वास पण गेलाय."

मंडळी, 'वास पण गेलाय' हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का आला, ते सांगण्यासाठीच हा भाग केलाय.

शेण, सांडपाणी, मळी, सडलेला पाला, असलं काही हवेशिवाय कुजलं की त्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. गोबरगॅसमध्ये साधारण निम्म्याहून जास्त मिथेन असतो, म्हणून तर चूल पेटते. पण त्यासोबत थोडा हायड्रोजन सल्फाइडही येतो. कंपनीत आम्ही त्याला एचटूएस म्हणतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. हा गॅस १ पीपीएमपेक्षा कमी असला तरी नाकाला कळतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतकं तीक्ष्ण नाक आपल्याला दिलंय. पण १०० पीपीएमच्या आसपास हाच गॅस वास घेणारी नसच बधिर करतो. काही मिनिटांत वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, चला, गॅस उडून गेला. ५०० ते ७०० ला तो काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या जवळ गेलात तर एक-दोन श्वासांतच खाली. हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणजे वास गेला याचे दोन अर्थ होतात, आणि ते दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कुठला खरा, ते नाक सांगू शकत नाही. त्यासाठी मीटर लागतो.

ही लांबची गोष्ट नाही. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जण गेले. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला शेणमुताच्या टाकीत एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे चार जण गेले. आणि ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातलं वाकडी. जुन्या विहिरीत शेणाची स्लरी सोडलेली होती, त्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक उतरला, मग त्याच्या मागे बाकीचे. पाच जण मेले. एक वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, त्यामुळे त्याला वर ओढता आलं.

तो दोर लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता मीटरकडे येऊ. एमआयडीसीत जो सगळ्यात जास्त दिसतो तो चार गॅसचा मीटर. मोबाइलपेक्षा जरा जाड, पाठीला क्लिप. तो चार गोष्टी मोजतो. ऑक्सिजन. ज्वलनशील गॅस. कार्बन मोनॉक्साइड. आणि एचटूएस. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे, बाकी तिन्ही शून्य. ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की अलार्म, २३.५ च्या वर गेला तरी अलार्म, कारण जास्त ऑक्सिजनमध्ये कपडेसुद्धा भसकन पेटतात. एचटूएसचा पहिला अलार्म बहुतेक ठिकाणी १० पीपीएमला लावतात, कार्बन मोनॉक्साइडचा ३५ ला.

ज्वलनशील गॅसचा आकडा लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. तिथे '१० टक्के एलईएल' असं दिसतं. याचा अर्थ हवेत १० टक्के गॅस आहे असा नाही. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की ठिणगी मिळाल्यावर पेटतो. त्या ५ टक्क्यांना एलईएल म्हणायचं, म्हणजे पेटण्याची खालची हद्द. १० टक्के एलईएल म्हणजे त्या हद्दीचा दहावा हिस्सा, अर्धा टक्का मिथेन. तिथेच मीटर ओरडायला लागतो आणि तिथेच बाहेर यायचं. १०० वर पोचेपर्यंत वाट बघत बसायचं नसतं.

या सेन्सरची एक खोड आहे, आणि गोबरगॅसच्या टाकीसाठी ती फार महत्त्वाची. साध्या मीटरमध्ये आत एक बारीकसा मणी तापवलेला असतो. गॅस त्याच्यावर जळतो, मणी आणखी तापतो, त्यावरून आकडा येतो. पण जळायला ऑक्सिजन लागतो ना? ज्या टाकीत निम्म्याहून जास्त मिथेन भरलाय आणि ऑक्सिजनच उरला नाही, तिथे तो मणी नीट जळू शकत नाही. मीटरचा आकडा वर जाऊन खाली येऊ शकतो. चांगले मीटर अशा वेळी 'हद्दीबाहेर' असं दाखवून अडकून राहतात. जुना, स्वस्त मीटर तुम्हाला कमी आकडा दाखवून गप्प बसेल. म्हणून वाचताना क्रम ठरलेला आहे: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. ऑक्सिजन खाली असेल तर मधल्या आकड्यावर भरवसाच ठेवायचा नाही. ज्यांना कायम अशाच जागी काम करायचंय त्यांनी इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर बघावा, त्याला ऑक्सिजन लागत नाही. मात्र त्याला हायड्रोजन दिसत नाही. एकच सेन्सर सगळं बघतो असं नसतं.

आता जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

मला कॉलेजमधल्या एका पोराने व्हॉइस नोट पाठवली होती: "दादा, फक्त ऑक्सिजनचा मीटर घेतला तर स्वस्तात पडेल. दुसरा कुठला गॅस असेल तर ऑक्सिजन कमी होणारच की." डोकं बरोबर चाललंय त्याचं, पण आकडे घालून बघा. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा. बाहेरून दुसरा गॅस येऊन ५ टक्के जागा खाल्ली, तर तो सगळ्यांचीच जागा सारखी खातो, नुसत्या ऑक्सिजनची नाही. २०.९ चे ९५ टक्के करा. येतात १९.९. अलार्म कितीला होता? १९.५ ला. म्हणजे ५ टक्के परका गॅस आत आहे आणि मीटर शांत आहे.

तो परका गॅस कार्बन डायऑक्साइड असेल तर? ४ टक्क्यांनाच तो जिवाला धोकादायक मानतात. आणि एचटूएस असेल तर ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. माणूस हजाराच्या आतच मरतो. ऑक्सिजनचा आकडा ०.१ ने जरी हलला, तरी त्यामागे अर्धा टक्का, म्हणजे ५,००० पीपीएम काहीतरी असू शकतं. म्हणून आमच्याकडे २०.९ च्या जागी २०.६ दिसलं की अलार्म नसला तरी थांबायचं आणि विचारायचं: कमी झालेल्या जागेत आलं कोण?

कार्बन डायऑक्साइडचं खास सांगायचं कारण, नेहमीच्या चार गॅसच्या मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नसतो. आणि आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात तो भरपूर ठिकाणी असतो. साखर कारखान्याची मळीची टाकी, डिस्टिलरीतले आंबवण्याचे हौद, मुरघासाचे खड्डे, वापरात नसलेल्या विहिरी. हा गॅस हवेच्या दीडपट जड. तळाला पाण्यासारखा साचून बसतो. रंग नाही, वास नाही.

तसंच अमोनियाचं. दूध शीतकरण केंद्रात, बर्फाच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये गॅस म्हणजे अमोनिया. चार गॅसचा मीटर घेऊन तिथे फिरलात तर डोळ्यांतून पाणी येईल आणि मीटर शून्य दाखवत राहील. कुरकुंभसारख्या केमिकल झोनमध्ये सॉल्व्हेंटची वाफ, क्लोरिन, आणखी काय काय, प्रत्येकाची वेगळी गोष्ट. म्हणून मीटर निवडताना दुकानदाराला "चांगल्यातला दाखवा" म्हणू नका. आधी आपल्या जागेत काय आहे, काय कुजतंय, काय साठवलंय, कुठलं इंजिन चालतंय, ते कागदावर लिहा. मग त्या गॅसचे सेन्सर असलेला मीटर मागा. मिथेनच्या जागी न्यायचा असेल तर मीटर स्वतः ठिणगी न टाकणारा, तसं प्रमाणपत्र असलेला हवा. आपल्याकडे स्फोटक जागांच्या उपकरणांना मान्यता देणारी संस्था पेसो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे.

इंजिनावरून आठवलं. विहिरीतला गाळ काढताना डिझेल किंवा रॉकेलचा पंप खाली उतरवतात. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच जड असतो, तो ना वर जातो ना खाली बसतो, विहिरीतच घुमतो. इंजिन काठावर ठेवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि नळी खाली सोडा. एवढ्याला मीटरसुद्धा लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. नोकरीचं पहिलं-दुसरं वर्ष. एका कंपनीत, नाव सांगणार नाही, सांडपाण्याच्या टाकीत दोन जण उतरणार होते. परमिट माझ्या हातात. मीटर चालू केला: २०.९, शून्य, शून्य, शून्य. मीटरवर कॅलिब्रेशनचा स्टिकर, मुदत अजून दोन महिने. मी पेन काढलं. ठेकेदाराचा एक वयस्कर सुपरवायझर होता, तो म्हणाला, "साहेब, बंप केलाय का?" मला जरा रागच आला. म्हटलं, "काका, स्टिकर आहे की." ते म्हणाले, "स्टिकर मीटरला असतो. आज सकाळी मीटर कुठं पडला, ते स्टिकरला ठाऊक नसतं."

बंप म्हणजे काय, तर छोट्या सिलिंडरमधला ओळखीचा गॅस काही सेकंद मीटरवर सोडायचा आणि तो ओरडतो का बघायचं. सिलिंडरवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ एचटूएस २५, कार्बन मोनॉक्साइड १००. सोडला. तीन आकडे हलले. एचटूएस शून्यच. फिरवून बघितलं तर एचटूएसच्या सेन्सरच्या जाळीवर वाळलेला गाळ. आदल्या शिफ्टला मीटर गाळात पडला होता, कुणीतरी पुसून परत ठेवला होता. दुसरा मीटर आणून, नळीने टाकीच्या तळाची हवा ओढली. एचटूएस ४० च्या पुढे.

त्या दोघांची नावं परमिटवर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. सही तेवढी बाकी होती. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

बघा, स्वच्छ हवेचा आकडा शून्य असतो आणि आंधळ्या सेन्सरचाही शून्यच असतो. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. म्हणून बंप रोज, वापरायच्या आधी. कॅलिब्रेशन वेगळं, त्यात आकडा जुळवून घेतात, ते कंपनी सांगेल त्या मुदतीने, बऱ्याचदा सहा महिन्यांनी. सिलिंडरलाही मुदत असते, औषधासारखी. सेन्सरही म्हातारे होतात. ऑक्सिजनचा नेहमीचा सेन्सर दोन-तीन वर्षांत संपतो, मीटर कपाटात बंद ठेवला तरी. म्हणून ऑनलाइन कुणी 'वापरलेला पण नव्यासारखा' मीटर विकत असेल तर दहा वेळा विचार करा. आणि मीटरशेजारी सिलिकॉनचा स्प्रे, डॅशबोर्डचं पॉलिश, सीलंट असलं काही ठेवू नका. सिलिकॉनची वाफ त्या तापलेल्या मण्यावर थर धरते आणि तो कायमचा मरतो. आमच्याकडे एकाने मीटर चकाचक दिसावा म्हणून पॉलिश मारलं होतं!

वापरण्याबद्दल. मीटर स्वच्छ हवेत चालू करायचा. टेम्पोच्या सायलेन्सरजवळ चालू करून शून्य जुळवला, तर तो धुरालाच स्वच्छ हवा समजतो. मग माणूस बाहेर ठेवून हवा आधी तपासायची: वर, मध्ये, तळाला. मिथेन हलका, तो झाकणाखाली जमतो. एचटूएस आणि कार्बन डायऑक्साइड जड, ते खाली. पंपाची नळी असेल तर प्रत्येक पातळीवर थांबा. हवेला नळीतून यायला वेळ लागतो, मग सेन्सरला आकडा पूर्ण दाखवायला आणखी अर्धा मिनिट तरी. नळी खाली सोडली, लगेच वर ओढली आणि 'सगळं ओके', हे मी शंभर वेळा पाहिलंय. दोरीला मीटर बांधून सोडला तरी तेच, खाली थांबू द्या.

सगळं ठीक निघालं तरी मीटर वर ठेवून उतरायचं नाही. गाळात फावडं घातलं की आत अडकलेला एचटूएस एकदम सुटतो. पाच मिनिटांपूर्वीचा शून्य तेव्हा काही कामाचा नसतो. मीटर अंगावर, छातीपाशी, नाकातोंडाजवळ हवा. कमरेला नको, खिशात तर अजिबात नको. वाजला की बाहेर. किती आकडा आहे ते बाहेर येऊन बघायचं.

जुने लोक विहिरीत पेटता कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. त्यात शहाणपण होतं, ऑक्सिजन फार कमी झाला की ज्योत विझते. पण कंदील एचटूएस सांगत नाही, कार्बन मोनॉक्साइड सांगत नाही, आणि गोबरगॅसच्या टाकीत सोडलात तर तुम्हीच उडाल. इंग्लंडच्या खाणीत यासाठी कॅनरी पक्षी नेत. १९८६ मध्ये तिथे ती पद्धत बंद केली आणि मीटर आले.

आणि हो, मोबाइलचं ॲप. 'गॅस डिटेक्टर' सर्च केलं तर ॲप येतात, सुई फिरते, हिरवा दिवा लागतो. तुमच्या फोनमध्ये हे गॅस मोजणारा सेन्सर नाहीये. ॲप कुठून मोजणार? ते खेळणं आहे, डिलीट करा. रुमाल, धुळीचा मास्क, एन-९५ हेही गॅस अडवत नाहीत, आणि ऑक्सिजन तर कुठलाच मास्क तयार करत नाही.

कायदा थोडक्यात. १९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ३६ मध्ये, टाकी-खड्ड्यात उतरण्यासाठी दोन वाटा दिल्या होत्या. एक तर जाणकार माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. पुढच्या ३६-ए कलमात आत न्यायचा दिवासुद्धा २४ व्होल्टच्या वर नको असं होतं. गटार आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यायला सांगितलं. पण तात्यांच्या गोठ्यात कुठला इन्स्पेक्टर येणार? शेतातल्या टाकीला परमिट नाही, सेफ्टी ऑफिसर नाही. चांगला मीटर काही दहा हजारांच्या घरात जातो, वर सिलिंडर, कॅलिब्रेशन. एका शेतकऱ्याने तो घ्यावा असं मी म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर, वर्षातून एकदा साफ करायच्या टाकीत माणूस उतरवणं हेच चुकीचं. ते काम वरून करायचं.

तर तात्या. माझ्याकडे त्या दिवशी मीटर नव्हता, कंपनीचा मीटर घरी आणता येत नाही. मी पीपीएम, टक्के, सगळं सांगून पाहिलं. ते शिडीवरून हात काढेनात. "तुमची कंपनी वेगळी, आमचं शेण वेगळं," म्हणाले. शेवटी फोनवर वाकडीची बातमी उघडून त्यांच्या हातात दिली. चष्मा नव्हता, लांब धरून वाचली. मग विचारलं, "पाचीच्या पाची?"

"हो तात्या. मांजरासाठी."

घमेलं उचलून त्यांनी गोठ्यात ठेवलं. दुपारी ट्रॅक्टरवर चालणारा स्लरीचा पंप भाड्याने आणला, वरून पाणी सोडून गाळ पातळ केला, नळी आत टाकली. आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे, पोरांना लांब पिटाळलेलं, बिडी बंद. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. तळाला थोडा गाळ राहिला, तो राहू दिला. तात्यांनी शिडी मात्र अजून तिथेच ठेवलीय. मी गेलो की आधी तीच उचलून पत्र्यावर टाकतो, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा खाली असते.

पुढच्या भागात घरातल्या सिलिंडरच्या गळतीचा अलार्म भिंतीवर कुठे लावायचा ते बघू. एलपीजी हवेहून जड, तेव्हा छताजवळ लावलेल्यांनी तोवर तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणून ठेवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, आणि तुमच्याकडे टाकी कशी साफ करतात तेही सांगा.